काकूचं पेव आणि माझा सेन्सर

कंदील विझला, आणि माझ्या मीटरवरचा आकडाही धोक्याच्या खुणेपुढे गेला. कंदिलाची आणि सेन्सरची, दोन्ही दोऱ्या मी वर ओढल्या. पेवाच्या तोंडाशी बसलेली काकू म्हणाली, "जुळलं की रे, दत्ता." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार, माणूस उतरेल एवढंच तोंड असलेलं. बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं. प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून आमच्या आळंदकडे आधी कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. काकांचा कंदील विझला होता. त्यांना वाटलं, घासलेट संपलं. ते उतरले ते वर आलेच नाहीत.

पुढे मला गुलबर्ग्याच्या लॅबमध्ये गॅस सेन्सरचं काम मिळालं. काकूला सांगून बसलो, घासलेट न लागणारा कंदील करतो. तिनं ते धरून ठेवलं. गावातली बाकी पेवं बुजली, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. तिचा मुलगा हैदराबादला बांधकामावर गेला आणि पेव बुजवून वर खोली बांधू म्हणू लागला. काकू मात्र दर सुगीला त्यात थोडी ज्वारी भरायची. खायला ती एकटीच.

सेन्सर म्हणजे टिन ऑक्साइडचा पातळ थर, खाली हीटर. वायू कणांना चिकटला की थरातून जाणारी वीज बदलते. कण जितके बारीक, तितकी चिकटायला जागा जास्त. म्हणून आम्ही नॅनो आकाराचे कण करायचो. कार्बन डायऑक्साइडला हा थर सहज दाद देत नाही, म्हणून त्यात लॅन्थनम हा धातू मिसळला. लॅबच्या बंद चेंबरमध्ये रिझल्ट सुंदर आले.

"पेपर लिहून टाका," सर म्हणाले.

"आधी पेवात बघतो, सर."

"पेव आपल्या स्कोपमध्ये नाही."

तरी गेलो. काकू रडली तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण टेस्टिंग अर्धं सोडता येत नाही. पेव उघडं ठेवलं, घोंगडं वरखाली करून आत हवा खेळवली. मग पुन्हा कंदील सोडला. छान जळत राहिला. आकडा मात्र धोक्यावरच. पुन्हा सोडला, तेच.

पेवात ओल असते. पाण्याची वाफही टिन ऑक्साइडला चिकटते. लॅबमधली सिलिंडरची हवा कोरडी. माझ्या सेन्सरला मारणारी हवा आणि नुसती दमट हवा एकच वाटत होती.

काकूला सगळं समजावलं.

"म्हंजे चांगल्या हवेत बी हे उतरू नकाच म्हणायलंय?"

"व्हय."

"मग तुझा काका याचं ऐकला असता व्हय? मशीन बिघडलंय म्हणला असता."

खोटं बोलवेना. "उतरले असते, काकू," मी म्हणालो.

तिनं कंदील विझवला. मग म्हणाली, "पोराला कळव. बुजव म्हणावं."

दिवाळीत तो आला. मातीची पहिली पाटी काकूनंच टाकली. तिथं आता खोली आहे, काकू त्यात पाय ठेवत नाही. पेपरही छापून आला. दमट हवेत हा सेन्सर भरवशाचा नाही, हे वाक्य मी हट्टानं त्यात घातलं.

धोका आहे असं ओरडणारं यंत्र करणं फार अवघड नाही. आता उतरा, असं सांगणारं करता आलं पाहिजे. ते मला जमलं नाही.