दाजी आणि त्यांचं क्लोरीन

पाण्याचा इतका अपमान करणारा माणूस अख्ख्या लखनऊत दुसरा नव्हता. हे गृहस्थ म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. नव्वदच्या दशकात ते तिथल्या पाणी शुद्धीकरण केंद्रात इंजिनिअर होते आणि पाण्यातलं क्लोरीन आपोआप मोजणारे सेन्सर बसवल्यापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. कुणी पाण्याचा पेला पुढे केला की आधी वास घ्यायचे आणि मग मेलेली पाल धरावी तसा तो लांब धरायचे. अमीनाबादेत लस्सीवाल्यालाही त्यांनी दरडावलं होतं, "भैया, क्लोरीन कितना है इसमें?" तो बिचारा म्हणाला, "साहब, हम तो मलाई डालते हैं." सेन्सरच्या टोकाचा नाजूक पडदा पुसायला म्हणून या माणसानं ताईची कोरी मलमलची साडी फाडली होती! पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजायचं, या जुन्या पद्धतीला ते 'पोरांची रंगपंचमी' म्हणत.

एका उन्हाळ्यात, ते राहत त्या विकास नगरात कावीळ पसरली. शेजारी विचारायला आले, तर दाजी म्हणाले, "चाट आप खाइए और दोष पानी को दीजिए! हमारा मीटर झूठ नहीं बोलता."

मग ताईच आजारी पडली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होतो. दाजींनी निमूटपणे ते थेंब आणले आणि घरच्या नळाच्या पाण्यात टाकले. पाणी काही पिवळं होईना; ताईचे डोळे मात्र हळदीसारखे झालेले. केंद्रातून पाणी चांगलंच निघत होतं, पण वाटेत पाइप फुटून त्यात गटार शिरत होतं, आणि तिथे कुठला आलाय सेन्सर!

वरच्या साहेबांनी बजावलं, "अपना मीटर ठीक है, आप चुप रहिए." दाजी गप्प बसले नाहीत. त्याच संध्याकाळी दारोदार फिरले. "पानी उबालकर पीजिए. हमसे गलती हुई." कुणी हसलं, कुणी तोंडावर दार लावलं. एक बाई म्हणाली, "क्यों साहब, अब चाट का दोष नहीं?" दाजींनी नुसते हात जोडले.

पाइप दुरुस्त झाला, ताई बरी झाली, आणि दाजी पुन्हा पहिल्याइतकेच असह्य झाले. आता ते नाहीत. आठवतात ते त्या संध्याकाळी दमून आलेले, ताईच्या उशाशी बसलेले. उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत होते.

"अहो, किती गरम!" ताई म्हणाली.

"थांब जरा," म्हणाले, आणि चमच्यावर हलकेच फुंकर घालत राहिले.