केसरबाईंनी राखून ठेवलेले पाच लाख

जानेफळच्या केसरबाईंच्या घरात नवी वस्तू लगेच वापरात येत नाही. लेकीने दिलेला मिक्सर दोन वर्षांपासून खोक्यात आहे, कारण पाट्याला अजून काही झालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी आयुष्मान कार्ड आलं, तेही तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी गेलं.

ग्रामपंचायतीत सांगितलेलं त्यांनी नीट ऐकलं होतं. एका घराला पाच लाखांपर्यंत इलाज फुकट. त्यांचे यजमान जानराव गेली दहा वर्षं छातीवर हात ठेवूनच बोलतात. तेव्हा ते पाच लाख कोणाचे, हे केसरबाईंनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पुढे केसरबाईंच्याच पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. कळ आली की त्या ओवा चावत भिंतीला टेकून बसायच्या, कळ गेली की भाकरी थापायला घ्यायच्या. दोन वर्षं असं चाललं. यंदा पोळ्याला पुरण घाटता घाटता त्या चुलीपुढेच आडव्या झाल्या. सून जयमालाने डाळीचा डबा परातीत उपडा केला, कार्ड झटकलं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन मेहकरचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढावीच लागेल, आता थांबलात तर जिवावर बेतेल.

योजनेच्या खिडकीत अश्विनी नावाची आरोग्यमित्र होती. तिने कार्ड मागितलं. केसरबाईंनी ते टेबलावर ठेवलं आणि वर पंजा ठेवला.

"किती जातीन यातले?"

"आजी, तुम्हाले काहीच भरायचं नाही."

केसरबाईंनी मागे उभ्या जानरावांकडे मान वळवली. "भरायचं नाही इचारलं मी. यायच्यासाठी किती उरतीन?"

"पुष्कळ उरतीन. अन् साल सरलं की पुन्हा नवे पाच लाख. दरसाल."

केसरबाईंनी दुसऱ्या हाताच्या बोटांवर सालं मोजली. मग म्हणाल्या, "मंग मांगचे? मी तर हातबी नाही लावला. पंधरा व्हाले पाह्यजेत."

"ते साठत नाहीत, आजी. त्या साली नाही वापरले, की गेले."

"काऊन? कोणं नेले?"

"कोणीच नाही. आजारी पडलं तर सरकार दवाखान्याले देते. नाही पडलं तर कोणालेच देत नाही."

जानराव पुढे सरकले. "म्हंजे माह्यासाठी तू दोन साल ओवा खाऊन राह्यली? मले सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले सांगून छाती भरून आणू का?"

केसरबाईंनी कार्डावरचा पंजा उचलला. "घे बाई. अंगठा कुठी लावू?"

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी पेजेचे दोन घोट पोटात गेल्यावर त्यांनी जयमालाला जवळ बोलावलं.

"हे साल सराले किती मह्यने राह्यले, ते त्या पोरीले इचारून ये. अन् मामंजीची छातीबी दाखवून टाक. आता फुकट घालवाचं नाही."

जानरावांनी छातीवरचा हात हळूच खाली घेतला.