वानखेडेभाऊंचे तिकिटांचे तीन डबे

"तुमीच सांगा साहेब, याचे किती येतीन?" वानखेडेभाऊंनी माझ्या टेबलावर बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे ठेवले.

मी पोस्टातून रिटायर झालो, तरी भिलाईत कुणाला तिकिटांची किंमत काढायची असली की तो कोहका वस्तीत माझ्या घरी येतो. बरीच वर्षं मी स्मारक तिकिटांच्या काउंटरवर होतो. स्मारक तिकीट म्हणजे कुणाच्या जयंतीला, कुठल्या शताब्दीला निघतं ते. वानखेडेभाऊ तेव्हा मालगाडीचे गार्ड. पगार झाला की यायचे आणि नव्या तिकिटाची अख्खी शीट न्यायचे.

मी डबे उघडले. सगळा माल माझ्याच हातून गेलेला. असली तिकिटं लाखांनी छापतात आणि घेणारे सगळेच जपून ठेवतात. मग ती दुर्मीळ होणार कशी? डीलर तर छापील किंमतही देत नाही.

"बोला ना, किती येतीन? बायकोले कानाची मशीन घ्याची आहे. तुमीच तं म्हणत होते, ठेवून द्या, भाव चढते."

म्हणत होतो. वरून विक्रीचं टार्गेट असायचं. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं.

"भाऊ, मी चुकलो. पाचाचं तिकीट आजही पाचाचंच आहे."

त्यांनी एकेक करून तिन्ही डब्यांची झाकणं लावली. "मले लय राग येऊन राहिला तुमचा. आधी पाणी पाजा."

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पण पाचाचं तं आहे ना? पाकिटावर चालते ना अजून?"

अरे देवा! कोरं तिकीट कधीही पाकिटावर चालतं. इतकी वर्षं चिमट्यानं तिकिटं उचलून मी हेच विसरलो होतो.

दुर्गच्या एका वकिलाकडून रोज टपालानं नोटिसा जातात. त्यांना फोन केला. ते छापील किमतीत सगळी घ्यायला तयार झाले. पण ओलीनं कितीतरी शीटा एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या माझ्या घरीच पाण्यात सोडवल्या आणि चादरीवर वाळवल्या. मागचा डिंक गेला तर गोंद लावायचा, तिकीट बाद होत नाही. दोन दिवस आम्हाला झोपायला दुसरी चादर शोधावी लागली.

त्या पैशांत एका कानाची मशीन आली. वहिनी ती लावून भेटायला आल्या.

"तुमचे लय उपकार, भाऊजी. पण हे दिवसभर तिकिटाचंच बोलून राहिले. आधी आयकू येत नव्हतं तेच बरं होतं!"

वानखेडेभाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले. उपकार कसले माझे? त्या माणसानं अख्ख्या कॉलनीसमोर मला चार शब्द सुनावले असते, तरी मी मान खाली घालून ऐकले असते. त्यानं फक्त पाणी मागितलं. त्याचे आभार मी आजही मानतो.

आता कुणी अल्बम घेऊन आलं की आधी विचारतो, दाखवायला आणलाय की विकायला? दाखवायला असेल तर चहा ठेवतो. विकायला असेल तर तिकिटावर छापलेली किंमत मोठ्यानं वाचून दाखवतो.