इस्त्रीवरची गुडगुडी

"आठे गुपचूप बठापेक्षा तठे गावले खोकेल बरा," नाना म्हणाले.

हे ते वडिलांना म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारामागे मटार सोलत होते. मला ऐकू आलं नाही असं दोघांनीही धरलं, कारण ऐकलेल्या गोष्टीवर मी कधी काही बोलत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं.  वडील म्हणाले, "बघू."

नाना म्हणजे वडिलांचे चुलते. माझे आजोबा लवकर गेले, तेव्हा धुळ्याजवळच्या गावी नानांनीच वडिलांना वाढवलं आणि जळगावला नोकरी लागेपर्यंत सांभाळलं. त्यामुळे नानांसमोर वडील खुर्चीवर टेकत ते अगदी पुढच्या काठावर, कोणीतरी आत्ता उठवणार असल्यासारखे. त्या वर्षी थंडी सुरू झाली तसा नानांचा दमा वाढला आणि वडील त्यांना आमच्याकडे घेऊन आले. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरून बराच वेळ पाहिला. थंडी संपेपर्यंत गावाला पाठवू नका, म्हणाले. आणि तंबाखूचा धूर पुन्हा त्या छातीत गेला तर परत माझ्याकडे आणायची गरज पडणार नाही, असंही म्हणाले. ते कोणत्या अर्थाने म्हणाले हे आम्हाला कळलं. नानांनाही कळलं.

गावाला नानांची गुडगुडी होती. म्हणजे नाना गावाला गेले की पुढे काय होणार, ते सरळ होतं.

तंबाखूचं आपल्याला एवढं काही नाही, असं नाना म्हणत. ते खरं असावं. गावात संध्याकाळी त्यांनी गुडगुडी ओट्यावर आणून ठेवली की माणसं न बोलावता येत. आमच्या कॉलनीत पाच वाजता ते धुतलेलं धोतर नेसून पुढच्या खोलीत खाटेवर बसत आणि उघड्या दाराकडे बघत. दारावरून लोक जात. काही जण मान हलवत. आत कोणी येत नसे.

"कोनी कसाले येई?" ते आईला म्हणाले. "मी काय दिऊ त्यासले? च्या? च्या त हॉटेलमा बी भेटस."

आईने टीव्ही लावू का विचारलं.

"त्यामा वळखीनं कोन शे?"

टीव्ही लावला नाही. खाटेखाली त्यांची पिशवी भरलेली होती. रोज अंघोळ झाली की ते पिशवीतून कपडे काढत आणि वापरलेले धुऊन वाळले की घडी करून परत पिशवीतच ठेवत. आईने त्यांना कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. तो रिकामाच होता.

पुढच्या खेपेला वडिलांनी डॉक्टरांना विचारलं की वैद्य अडुळशाची वाळलेली पानं ओढायला सांगतात, ते चालेल का. डॉक्टर म्हणाले, "धूर कसलाच नको. वाफ चालेल." वडिलांनी हे वाक्य जसंच्या तसं घरी आणलं आणि जेवताना सांगितलं. मग आम्ही सगळ्यांनी भाजी वाढून घेतली.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. पान जाळलं तर धूर होतो आणि न जाळता नुसतं तापवलं तर त्यातलं उडून जाणारं तेवढं बाहेर पडतं, हा काही मोठा शोध नव्हता. प्रश्न होता तो तापमान आवरायचा. निखारा आवरत नाही. घरात आवरता येणारी उष्णता एकाच वस्तूत होती, ती म्हणजे इस्त्री. आमची इस्त्री नवी होती, तिला फिरवायचं बटण होतं आणि त्यावर कापडांची नावं होती.

दुपारी नाना झोपलेले असताना मी इस्त्री उलटी केली. पत्र्याच्या डब्यात वाळू भरून तिची मूठ त्यात रोवली, म्हणजे तापणारी बाजू वर आली. त्यावर एका पितळी डबीत अडुळशाची चुरडलेली पानं ठेवली. नायलॉनवर काही झालं नाही. रेशमावर थोड्या वेळाने हिरवट, कडू वास आला. सुतीवर धूर झाला आणि आई मागच्या दाराने आत आली.

"रेशमावर निघतं, सुतीवर जळतं," मी सांगितलं.

आईने इस्त्रीकडे पाहिलं. "आणि उद्या यांचा शर्ट?"

"सकाळी करून घ्यायचा."

वाफ एवढी सोपी होती. पण नुसती वाफ नानांना चालणार नव्हती. तोंडावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायचं आईने आधीच सुचवलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, टॉवेलखाली दोन माणसं कशी बसतील? आणि दुसरं म्हणजे, "पानी बोलनं पाहिजे." पाणी बोललं नाही तर ती गुडगुडी नाही, ते औषध झालं.

म्हणून कॉलेजजवळ प्रयोगशाळेचं सामान मिळायचं त्या दुकानातून मी काचेचा शंकूच्या आकाराचा फ्लास्क आणला, दोन भोकांचं बूच आणलं आणि काचेच्या दोन नळ्या. दुकानदाराने विचारलं, कोणत्या कॉलेजला? मी म्हटलं, घरी. त्याने पुढे काही विचारलं नाही. फ्लास्क अर्धा पाण्याने भरायचा. लांब नळी पाण्यात बुडालेली, ती डबीकडे. आखूड नळी पाण्याच्या वर, ती तोंडात. आखूड नळीने ओढलं की वाफ लांब नळीतून पाण्याखाली येते, बुडबुडे होतात, गार होऊन वर येते.

वडिलांनी मांडणी पाहिली आणि अस्वस्थ झाले. "मोठी नळी नानांकडे नको का?"

मी सांगितलं की मोठ्या नळीने ओढलं तर तोंडात पाणी येईल.

"ते बरोबर आहे," वडील म्हणाले. "पण घरात सगळ्यांत मोठे ते, आणि नळी द्यायची लहान. त्यांना हे तू समजाव."

मी समजावलं नाही. आखूड नळीला मी हातभर रबरी नळी जोडली. ती सगळ्यांत लांब झाली आणि तो प्रश्न तिथे मिटला.

खरी अडचण जोडाची होती. डबीच्या झाकणाला कासाराकडून हवेसाठी भोकं पाडून पितळेची बोटभर नळी डाग देऊन बसवून घेतली होती. ती जाड. काचेची नळी बारीक. दोन्हींच्या मध्ये रबर लावलं तर पहिल्याच झुरक्याला नाना म्हणाले, "टायर जळस." रबर डबीच्या फार जवळ होतं. मग मी जोडाला कणीक लावली, स्वयंपाकघरात झाकणं बंद करायला लावतात तशी. दुसऱ्या दिवशी ती वाळून तडकली आणि तिसऱ्या दिवशी तिला मुंग्या लागल्या. आईचं म्हणणं होतं की कणीक भाजली जाऊन पोळीचा वास येतो आणि त्याने नानांना अवेळी भूक लागते. ते खरं होतं.

शेवटी कासाराला सांगून पितळेची नळी वीतभर लांब करून घेतली. तिच्यावर ओली चिंधी गुंडाळली. नळीच्या टोकापर्यंत येताना उष्णता बरीच कमी व्हायची आणि तिथे रबराचा छोटा तुकडा निमूट बसला. वास आला नाही. नानांनी ओढलं. फ्लास्कमध्ये बुडबुडे आले आणि पुढच्या खोलीत तो आवाज झाला. त्यांनी नळी तोंडातून काढली, फ्लास्ककडे बघितलं आणि पुन्हा ओढलं.

"बोलनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या घरातले काका आले. एस.टी.त कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. रोज दारावरून जाताना इस्त्री उलटी दिसते, म्हणून न राहवून आले होते. नानांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी काकांना खाटेवर बसवलं, स्वतः दोन झुरके घेतले, आणि मग गुडगुडी पाहुण्याला दिली.

गुडगुडी देतात म्हणजे काय करतात, हे मी लहानपणी गावात पुष्कळदा पाहिलं होतं आणि तरी ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नळी हातातून हातात द्यायची नसते. तो अपमान असतो, भिकाऱ्याला दिल्यासारखा. बुडाला हात घालून सगळी गुडगुडीच फिरवायची, नळीचं तोंड पाहुण्यापुढे आणायचं, मग पाहुणा ती उचलतो. नानांनी फ्लास्कच्या बुडाला हात घालून तो फिरवला. जोड निसटला, काचेची लांब नळी बुचाशी मोडली आणि तापलेली डबी वाळूत पडली.

काका म्हणाले, "असू द्या, मी तंबाखू खातो."

 दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या गाडीची वेळ नानांनी वडिलांना विचारली.

मी एका माणसाला वाफ मिळेल असं यंत्र केलं होतं. एका माणसासाठी गुडगुडी नसते. सगळंच फिरायला हवं होतं, इस्त्रीसकट, वायरसकट. वडिलांनी त्या दिवशी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जी ते आजारी असतानाही टाकत नसत, आणि जुन्या बाजारातून एक स्टूल आणलं. दवाखान्यात पेशंटला बसवतात तसलं, लोखंडी, मधल्या आट्यांवर फिरणारं. मी त्याच्या बैठकीवर पाट बांधला, पाटावर वाळूचा डबा, इस्त्री, डबी आणि नवी नळी घातलेला फ्लास्क, सगळं तारेने घट्ट बसवलं. नानांनी पाटाला हात लावला. सगळं एकत्र फिरलं.

दोष एकच होता. आट्यांमुळे फिरवलं की स्टूल थोडं वर जायचं. चार माणसांत गुडगुडी फिरून आली की ती पहिल्यापेक्षा उंच असायची, आणि वायरलाही पीळ बसायचा. म्हणून पुढची फेरी उलट्या दिशेने घ्यावी लागे. हा नियम कंडक्टर काकांनी स्वतःकडे घेतला. "आता परतीची," ते म्हणत आणि स्टूल उलटं फिरवत.

माणसं येऊ लागली. काका रोज येत. कोपऱ्यावरचे घड्याळं दुरुस्त करणारे चाचा दुकान बंद करून येत, आणि वाफेला चव नाही असं दर वेळी सांगत. वीज गेली तरी कोणी उठत नसे, इस्त्री गार होईपर्यंत ओढत. वडिलांचे शर्ट पहाटे होत. नानांचा खोकला खरंच कमी झाला की नुसतं आम्हाला तसं वाटत होतं, हे सांगता येत नाही. गाडीची वेळ त्यांनी पुन्हा विचारली नाही. पण राहतो असंही म्हणाले नाहीत, आणि कपाटातला खण रिकामाच होता.

संक्रांतीच्या सुमाराला गावाकडून आबा आले. हे नानांचे लहानपणापासूनचे मित्र, कोर्टाच्या कामाने जळगावला आले होते. कंडक्टर काका आधीच बसले होते. आबांनी स्टुलाभोवती एक फेरी मारली, वाकून डबीचा वास घेतला.

"पाला वढस तू?" ते नानांना म्हणाले. "बकरी व्हयना का?"

नाना हसले. मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना त्या थंडीत पहिल्यांदा ऐकलं. मग आबांनी बंडीच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. गुळात मळलेली काळी तंबाखू होती. वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. मी तिथे चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"तुनाकरता गावथून मळीसन आनेल शे."

"डॉक्टर नही म्हनस," नाना म्हणाले.

"डॉक्टर येस का आठे बठाले?"

दुसऱ्याच्या गुडगुडीवर बसायला जाणारा आपली चिमूट घेऊन जातो. ती चिमूट नाकारायची म्हणजे तुझ्याबरोबर बसत नाही असं सांगायचं, आणि ते गावात ज्याला वाळीत टाकलंय त्यालाच सांगतात. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. नाना पुरचुंडीकडे बघत राहिले. आबांनी डबीचं झाकण फडक्याने धरून उचललं, अडुळसा बाजूला सारला आणि चिमूट आत ठेवली. झाकण परत बसवलं.

काही होईना.

"हाई पेटस कसं?" आबांनी विचारलं.

कंडक्टर काकांना यंत्राची सगळी माहिती झाली होती आणि ती कोणीतरी विचारावी याची ते वाट बघत असायचे. "रेशमावर नाही जमायचं याला," ते म्हणाले. "सुतीवर घ्यावं लागेल." त्यांनी वाकून वाळूत हात घालून बटण फिरवलं.

वडील खुर्चीच्या काठावर बसले होते. ते नानांना काही सांगणार नव्हते, आणि नानांच्या पाहुण्याला तर नाहीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं. आबांनी पाटाला हात घालून स्टूल फिरवलं आणि नळी नानांसमोर आणली. डबीच्या भोकांतून निळसर रेघ निघायला लागली. नानांनी नळी उचलली. तोंडाला लावली नाही, पण खालीही ठेवली नाही. ते इस्त्रीकडे बघत होते आणि पाणी अजून गप्प होतं.

 मी ट्रे खाटेच्या कडेला ठेवला.

"काका, बटण रेशमावर करा," मी म्हटलं. "आबा, तुमची तंबाखू काढून घ्या त्यातून. नाना इथंच राहणार आहेत."