मास्तरांची भिंत

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, पहाऱ्याची कुत्री तयार करतात. सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात. पहिल्यांदा तसं कोण म्हणालं हे विचारू नये. ते स्वतःच म्हणाले होते.

अंगणाच्या टोकाला त्यांनी फळ्यांची छातीएवढी भिंत उभी केली आहे. पिल्लू पाच महिन्यांचं झालं की उड्या सुरू. हाडं अजून वाढायची असतात, आणि हा माणूस ती रोज वरून खाली आपटवतो. वर गिऱ्हाइकाला ऐकवतो, “सांधे दुखत असतील तर कुत्रं उडी मारेल का? माझी तपासणी हीच!” जिद्दीची कुत्री हेच निवडून आणणार, आणि ती जिद्दीपायी दुखणं गिळतात हे मात्र डोक्यात शिरू देणार नाहीत. एवढं अज्ञान टिकवायलाही चिकाटी लागते.

मी जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. त्यांची भुरी नावाची कुत्री सहा महिन्यांची होती तेव्हाच मी म्हटलं, “भाऊजी, उड्या थांबवा. कमरेचा एक फोटो आत्ता काढू, एक जड कामाला लावायच्या आधी, वर्षाची झाल्यावर. पक्कं काय ते दोन वर्षांची झाली की कळेल.”

“फोटो विकताना काढायचा असतो,” ते म्हणाले. “आणि तुम्ही गुंगीचं औषध देता. त्यानं कुत्र्याची धार जाते.”

धार म्हणे! स्वतःची दाढ काढताना यांनी दोनदा सुई मागून घेतली होती.

पुढे भुरी पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागली, सशासारखे. झोपून उठताना पुढचं अंग उचलायची आणि जरा थांबायची. ताईचा जीव खालीवर व्हायला लागला, कारण भुरी तिच्या पायाशी वाढली होती. मास्तरांनीही ती चाल पाहिली आणि तिला ‘ऐट’ म्हणून मोकळे झाले.

शेवटी ताईच तिला दवाखान्यात घेऊन आली. मागोमाग मास्तर आले, आमची जिरवायला. गुंगी देऊन मी भुरीला उताणं निजवलं, पाय सरळ करून बांधले. फोटोत मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसलेलाच नव्हता, आणि कडा आत्ताच झिजायला लागल्या होत्या.

“खोबण मुळातच उथळ आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण लवकर आणली असती तर बरंच करता आलं असतं. आता पहाऱ्याचं काम नको. उडी तर एकही नको. नाहीतर ही चालायचीच बंद होईल.”

भुरी पुरती शुद्धीवर येऊन चालायला लागली, तसे मास्तर उठले. “फोटोला काय कळतंय!” असं म्हणत त्यांनी बाकावर थाप मारली. “हप!”

आम्ही पुढे व्हायच्या आत तिनं उडी मारली. बाकावर उभी राहिली, मागचे पाय लटलटत होते आणि यांच्याकडे बघून ती शेपटी हलवत होती. मला या माणसाची किळस आली.

“बघितलंत?” ते म्हणाले.

ताईनं भुरीला दोन्ही हातांत उचललं. “ही आजपासून घरात राहील. हिला कोणी हप म्हणायचं नाही.”

“अगं, परवा गिऱ्हाईक येतंय! त्याला काय दाखवू?”

“तुम्ही मारा उड्या,” ताई दारातून म्हणाली. “तुमचे सांधे शाबूत आहेत. झिजवलेत कुठे कधी?”