जावईबापूंचं जेट

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान फार हुशार आहेत. हे मी म्हणत नाही, तेच म्हणतात. कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे. कारखान्यानं ते काम बाहेर दिलं आणि जावईबापू घरी बसले. बसले ते बसले, शिवाय गॅरेजमध्ये जेट इंजिन बनवायला घेतलं. भंगारातल्या ट्रकचा टर्बोचार्जर, म्हणजे हवा कोंबणारा पंखा, आणि त्याला जोडलेली स्टीलची नळी. नळीत गॅस जाळायचा, त्या गरम वाऱ्यानं पंखा फिरवायचा, पंख्यानं पुन्हा नळीत हवा ढकलायची. एकदा सुरू झालं की आपलं आपण चालत राहतं म्हणे.

यात भरडली जात होती माझी बहीण. शिलाई मशीनवर एकटी घर ओढत होती. तंत्रविद्यालयात वर्कशॉपच्या शिक्षकाची जागा निघाली होती आणि प्राचार्य म्हणाले होते, इंजिन चालताना दाखवा, मग बघू. म्हणजे तिचं घर त्या नळीवर टांगलेलं.

मी गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. जावईबापू चारचौघांत मला ‘शेगडीवाले’ म्हणतात. पहिल्या चाचणीला मी आपलं सहज विचारलं, कुठं अडतंय म्हणून, तर म्हणाले, “तुमच्या आवाक्यातलं नाही हो हे. इथं गणित लागतं.”

बरं बाबा. मी स्टूल ओढलं आणि बसलो गंमत बघत.

चाचणी कसली, तमाशाच तो. पुढून ब्लोअरनं हवा मारायची, ठिणगी द्यायची, गॅस सोडायचा. भडका व्हायचा, पंखा शिट्टी मारायचा, मागून हातभर पिवळी ज्योत यायची. ब्लोअर काढला की शिट्टी उतरायची आणि इंजिन मान टाकायचं. मग महाशय गॅस वाढवायचे. ज्योत आणखी लांब, नळी लालभडक, पंखा आणखी मंद. नाचता येईना अंगण वाकडं. एकदा तेलच जाड, एकदा बेअरिंग जाम, एकदा सिलिंडरच खराब. पंप बदलला, प्लग बदलला, तेलाची नळी तीनदा फिरवली. नळीच्या आत ज्यातून ज्योतीला हवा मिळते, त्या भोकाभोकाच्या नळकांड्याला मात्र हात लावला नाही. ती भोकं त्यांनी स्वतः गणितानं काढली होती, दशांशापर्यंत. वहीत खाली दोन रेघा मारलेलं उत्तर चुकेल कसं?

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. भोकं लहान पडली होती, म्हणून गॅस आत जळायचा सोडून बाहेर येऊन जळत होता. ड्रिल आणि कानस घेतली की अर्ध्या तासाचं काम. पण मी का सांगू? गणित लागतं ना? अडीच महिने तोंडात मूग धरून बसलो, आणि खरं सांगतो, मजा आली.

शनिवारी सकाळी प्राचार्य दोन शिक्षकांना घेऊन आले. बहिणीनं गॅरेज झाडून खुर्च्या मांडल्या होत्या. जावईबापू इस्त्रीच्या शर्टात. भडका झाला, शिट्टी झाली, ब्लोअर काढला आणि पंखा मंदावला. यांनी सवयीनं गॅस वाढवला. नळी लाल झाली, आतून करकर आवाज आला आणि पंखा अडकला तो अडकलाच. प्राचार्य सभ्य माणूस. चहा संपवला, “प्रयत्न चांगला आहे,” म्हणाले. फाटकाशी शिक्षकाला म्हणाले, “त्या दुसऱ्या उमेदवाराला सोमवारी बोलवा.” ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

जावईबापू फरशीवरच बसले. पहिल्यांदाच मला दादा म्हणाले. “दादा, काय चुकलं असेल हो?”

माझी सगळी मजा तिथं आटली. मी सांगितलं, हवा कमी पडतेय, भोकं मोठी करायला हवी होती.

त्यांनी विचारलं, “आज आलं का लक्षात तुमच्या?”

मी हो म्हणणारच होतो. बहीण खुर्च्या उचलत होती. हातातली खुर्ची तिनं खाली ठेवली.

“आज नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. “अडीच महिने हा इथून हसत घरी जायचा. मला वाटायचं, नुसतं तुम्हाला हसतोय.”