आधी बियाण्याची कणसं

हे मी लिहायला बसलो हाच आगाऊपणा आहे, हे मला कळतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ज्यांच्याविषयी लेख येतात ती माणसं मोठी असतात, आणि लिहिणारेही. माझी अनसूयामावशी तिगावजवळच्या एका खेड्यात दोन एकर कोरडवाहू कसणारी बाई होती, आणि मी सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्यात माझी शाळा सगळी हिंदीतून झाली. मराठी आमची घरातली. बोलायची सवय आहे, लिहायची नाही. चुका होतील, त्या पोटात घालाव्यात. पण मावशीला जाऊन आता दीड महिना होत आला, आणि तिच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट वेळेवर झाली नाही... ती मी सांगितली नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही.

ती माझ्या आईची थोरली बहीण. काका लवकर गेले. गौतम, तिचा मुलगा, तेव्हा कडेवर होता. दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगिच्यात ती रोजीनं जायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं वावर बघायची. आमच्या शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याकडे. सकाळी जाग यायची ती भाकर थापण्याच्या आवाजानं. एका लयीत चालायचा तो हात, आणि मधेच थांबला की समजायचं, भाकर तव्यावर गेली. तिच्या भाकरीला एक गोडसर वास असायचा, आणि सकाळची भाकर संध्याकाळीही मऊ राहायची. ही जवारी तिच्या सासूनं माहेराहून आणलेली. कणीस मान वाकवून खाली बघणारं. त्यामुळं पाखराला त्याच्यावर बसता येत नाही आणि उशिराचा पाऊस आला तरी पाणी निथळून जातं, दाणा काळा पडत नाही. हे मला मावशीनं शिकवलं, कॉलेजानं नाही. गावात एकेक जण सोयाबीनकडे वळत होता. मावशीला कोणी म्हणालं की ती उलट विचारायची, "सोयाबीनची भाकर होते काय? मंग? इकून पुन्हा जवारीच घ्याची ना?"

चार वर्षांमागं आमच्या भागात एक प्रकल्प आला. बऱ्याच देशांनी मिळून चालवलेला होता तो. कमी पावसाच्या मुलखात लोकांचं पोट कशानं भरेल, जमिनीचा कस न घालवता कोणती जवारी टिकेल, हे बघायला देशोदेशीचं बियाणं वेगवेगळ्या गावांत पेरून पाहायचं, असं त्याचं काम. बाहेरची वाणं बारा, आणि शेजारी तुलनेला गावची एक. आमच्या प्राध्यापकांनी माझं नाव नोंदवही ठेवायला सुचवलं आणि मी मावशीचं वावर सुचवलं. पाहणीला जे साहेब आले ते सुदानचे होते. भारतात काही वर्षं राहून मोडकंतोडकं हिंदी शिकलेले. मी मधे उभा राहून त्यांचं हिंदी मावशीला मराठीत सांगत होतो. तेवढ्यात ती माझ्या कानाशी लागली.

"साहेब म्हणलं तं मले वाटलं गोरा असन. हा तं आपल्या गणपतमामावानी दिसून राहिला. बस म्हणा त्याले, भाकर खाऊन जाय म्हणा."

साहेब खाली मांडी घालून बसले. वांग्याची भाजी, तिळाची चटणी आणि भाकर. पहिला तुकडा तोडून त्यांनी तो नाकाशी नेला आणि वास घेतला. मग म्हणाले, "हमारे यहाँ भी ज्वार। माँ पतली बनाती थी।" त्यांच्या मुलखात लागोपाठ काही वर्षं पाऊस पडला नाही, लोकांनी शेवटी पेरायला ठेवलेलं बियाणंही खाल्लं, असं त्यांनी सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं तेव्हा मावशीचा थापणारा हात थांबला.

"बियाणं खाल्लं?" ती म्हणाली. भुकेपेक्षा तिला तेच लागलं. मग तिनं डोळ्याला पदर लावला... धूर असेल, किंवा नसेलही. "मंग माह्या जवारीचं बी घेऊन जाय म्हणा. सांग त्याले."

साहेब हसले आणि म्हणाले, असं लगेच नाही नेता येत. आधी बाकीच्यांच्या शेजारी पेरायची, कापायची, तोलायची. या बाराजणींमध्ये ती टिकली तर तिचं बी नक्की पुढं जाईल. मावशीनं हे अगदी मनावर घेतलं. लेकीला बघायला पाहुणे येणार असावेत तशी ती त्या हंगामात वागली. आमच्याकडे ओळीला तास म्हणतात. तेरा तासांना मी नंबरांच्या पाट्या लावल्या. तिला नंबर वाचता येत नव्हते, म्हणून तिनं जुन्या लुगड्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधल्या आणि प्रत्येकीला नाव दिलं. एक ठेंगणी, एक पाखरांची, एक नुसतीच नटवी. आपल्या तासाला तिनं हिरवी चिंधी बांधली. सकाळ-संध्याकाळ ती त्यांच्यामधून हिंडायची आणि नटवीला टोमणे मारायची. "लय तोरा आहे हिचा, दाना कुठं आहे पन?"

कापणीला मी नोंदवही घेऊन गेलो. एकेक तास वेगळं कापलं, खळ्यावर वेगळं झोडलं, मी तोललं आणि लिहिलं. मावशीची जवारी खालून दुसरी आली. मी दोनदा तोलून पाहिली. तिला सांगताना मला तिच्याकडे बघवेना. ती एवढंच म्हणाली, "काट्यात काही आहे तुह्या." दुसऱ्या दिवशी मी नोंदवही साहेबांच्या पत्त्यावर टपालात टाकली.

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि जेवता जेवता सहज वर पाहिलं. चुलीवरच्या आढ्याला, धुरात, कणसांचे घोस टांगलेले होते. प्रत्येक घोसाला चिंधी. हिरव्या चिंधीचा घोस सगळ्यांत मोठा.

"मावशे, हे केव्हा तोडले?"

"कापनीच्या आंधी. मंग काय नंतर तोडतेत? आंधी बियाण्याचे कणसं, मंग इळा. तुह्या कॉलेजात हेबी नाही शिकवत काय?"

"कोणत्या तासातले किती काढले?"

"ज्याची जशी लायकी. ठेंगणीचे दोन. नटवीचं एकबी नाही. आपल्या जवारीचे टोपलंभर... चांगली होती ना रे ते!"

माझा घास हातातच राहिला. आमच्याकडे प्रत्येक घरची बाई हेच करते. वावरात विळा लागायच्या आधी फिरून सगळ्यांत भरलेली कणसं पुढच्या पेरणीला काढून घेते. साहेबांना हे माहीत नव्हतं, आणि मला माहीत असूनही आठवलं नव्हतं. जी जवारी जितकी चांगली, तितकी ती काट्यावर कमी भरली होती. मी तिला समजावून सांगितलं. ती बराच वेळ चुलीतली लाकडं मागंपुढं करत बसली.

"म्हंजे मीनंच तिले हरवली म्हन." मग मान वर करून म्हणाली, "मंग लिहून टाक ना त्याले. कणसं कुठं पळाली काय? हे काय, टांगून आहेत. तोल म्हना."

एवढं सोपं होतं ते. पण मी लिहिलं नाही. साहेबांनी जाताना माझं कौतुक केलं होतं, प्राध्यापकांसमोर. आता चूक कळवली तर म्हणतील, खेड्यातलं पोरगं, एवढंही धड जमलं नाही... आणि मावशीलाही अडाणी ठरवतील. मी परीक्षेचं निमित्त केलं, मग पेरणीचं. त्या पावसाळ्यात मावशीनं हिरव्या चिंधीचा अर्धाच घोस पेरला. अर्धा तसाच ठेवला, "साहेबाचा" म्हणून. मी गेलो की ती वर बोट दाखवून विचारायची, "लिहलं का रे त्याले?" आणि मी म्हणायचो, "लिहून राहिलो, मावशे." पुढं पुढं ती नुसतं वर बघायची, विचारायची नाही. ते मला जास्त लागायचं.

अशी तीन वर्षं गेली. शेवटी गेल्या दिवाळीत मी पत्र लिहिलं. डिक्शनरी घेऊन, चार वेळा फाडून, इंग्रजीत. कसं घडलं ते सगळं, आणि चूक माझी आहे हेही.

डिसेंबरात कॉलेजचं शिबिर जामसांवलीकडे होतं. दहा दिवसांनी परत आलो, पांढुर्ण्यातल्या माझ्या खोलीचं कुलूप काढलं, तर दाराखाली परदेशी तिकिटाचं पाकीट. साहेबांनी लिहिलं होतं की आपल्या आईचीही हीच रीत होती आणि आपणच विसरलो, याची लाज वाटते. हिरव्या चिंधीच्या घोसातले मूठभर दाणे पाठवा, ते पुन्हा पेरू. आणि एक काम करा. कणीस निवडताना बाई नेमकं काय बघतात, दाणा, मान, देठ, की आणखी काही, ते त्यांना विचारून एकेक करून लिहून कळवा. ते आमच्या कोणाच्याच वहीत नाही.

मी तसाच स्टेशनवर पळालो आणि मिळेल ती गाडी पकडून तिगावला उतरलो. वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो, तिला कसं वाचून दाखवायचं याची. वावर वाटेतच लागतं. जवारी उभी होती, पिकून वाकलेली, कापायला झालेली. आणि तासातली सगळ्यांत भरलेली कणसं जागच्या जागी होती. एकही तोडलेलं नव्हतं. मावशीनं एवढा उशीर कधी केला नव्हता... मी तिथंच थांबलो.

बांधावर गौतम बसला होता. मला बघून उठला. त्याच्या हातात रिकामं टोपलं होतं.

"माय गेली, दादा. आज नववा दिवस. तुह्या खोलीवर आलतो, कुलूप होतं." मग तो वावराकडे वळला. "कणसं काढाची राहून गेली तिची. सकाळपासून फिरून राहिलो... कोणते तोडाचे, मले नाही समजत. तुले सांगितलं होतं काय तिनं?"